स्क्रिप्टमधून चालवलेल्या प्रोग्रामच्या ओळी उशिरा का येतात

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : नागपूरच्या कळमना बाजारातील एका अडतदुकानासाठी तुम्ही पायथनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट रोज रात्री सी भाषेतील एक जुना प्रोग्राम चालवते. तो दिवसभराच्या संत्र्यांच्या आवकेचा हिशेब करतो आणि प्रत्येक शेतकऱ्यामागे एक ओळ छापतो. लिनक्सच्या टर्मिनलवर थेट चालवला तर ओळी एकामागून एक दिसतात. स्क्रिप्टमधून चालवला तर खिडकी बराच वेळ कोरी राहते आणि शेवटी सगळ्या ओळी एकदम येतात. पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवणारे 'रन' हे फंक्शन सोडून त्याच कामाचे 'पीओपन' वापरले, ओळीओळीने वाचणारे आवर्तन (लूप) लिहिले, बफरचा (मजकूर तात्पुरता साठवण्याच्या जागेचा) आकार १ दिला, तरी फरक पडला नाही.

'रन' सोडलेत ते योग्यच केले, कारण ते आणि 'कम्युनिकेट' ही दोन्ही फंक्शने आतला प्रोग्राम संपेपर्यंत परत येत नाहीत. परंतु उरलेला विलंब तुमच्या वाचण्यात नाही. सी भाषेचे प्रमाणित ग्रंथालय प्रोग्राम सुरू झाल्यावर आपले आउटपुट कोठे जोडलेले आहे ते पाहते. पलीकडे टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळीअखेर मजकूर बाहेर पाठवते. पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी वाट) किंवा फाइल असेल तर बफर भरेपर्यंत काहीच सोडत नाही. बर्डीवरून हिंगण्याकडे निघणारा शेअर ऑटो जसा सवारी भरल्याशिवाय जागचा हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. लिनक्सवर पाइपसाठी हा बफर सामान्यतः ४०९६ बाइटांचा असतो. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे 'काटोल' एवढ्या शब्दालाच १५ बाइट लागतात. तरीही रात्रीचा सगळा हिशेब मिळून ४०९६ बाइटांच्या आत बसत असेल, तर पहिली ओळ आणि शेवटची ओळ तुम्हाला एकाच क्षणी मिळणार, मग वाचणारी स्क्रिप्ट कितीही तत्पर असो.

म्हणून कोड बदलण्याआधी एक तपासणी करावी. टर्मिनलवर तोच प्रोग्राम चालवून त्याचे आउटपुट पाइपने 'कॅट' या आज्ञेकडे द्यावे. 'कॅट' स्वतः काही साठवून ठेवत नाही. तेथेही ओळी उशिरा आल्या, तर दोष आतल्या प्रोग्रामच्या बफरचा आहे आणि तुमच्या स्क्रिप्टमधील कोणत्याही वाचनपद्धतीने तो दूर होणार नाही. ओळी वेळेवर आल्या, तरच आपल्या कोडकडे वळावे. या तपासणीत 'ग्रेप' किंवा 'ऑक' मध्ये घालू नये, कारण तेही पाइपकडे लिहिताना हेच करतात.

प्रोग्रामचा मूळ कोड हाती असेल तर उपाय त्यातच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मेन' सुरू होताच 'सेटव्हीबफ'ने ओळीनिहाय बफरिंग लावावे, किंवा प्रत्येक शेतकऱ्याची ओळ छापल्यावर 'एफफ्लश' बोलवावे. आतला प्रोग्राम उद्या पायथनमध्ये नव्याने लिहिला गेला, तर त्याला 'डॅश यू' हा पर्याय देऊन किंवा 'प्रिंट'मध्ये 'फ्लश' खरे ठेवून हेच साधते.

मूळ कोड नसेल, तर ग्नू कोअरयुटिल्समधील 'स्टडबफ' ही आज्ञा आधी लावून पाहावी आणि आउटपुट ओळीनिहाय सोडण्याचा पर्याय द्यावा. ती प्रोग्राम सुरू होताना एक छोटे ग्रंथालय आधी लोड करून त्याच्या बफरिंगची सेटिंग बदलते, त्यामुळे तिच्या मर्यादाही तेथूनच येतात : स्थिर पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे ग्रंथालय आपल्यातच सामावून घेतलेल्या, प्रोग्रामवर ती चालत नाही, स्वतःच 'सेटव्हीबफ' बोलवणाऱ्यावर चालत नाही, आणि गो किंवा पायथनसारख्या, सी ग्रंथालयाच्या बफरमधून न लिहिणाऱ्या प्रोग्रामांवरही चालत नाही.

तिचाही उपयोग झाला नाही तर आभासी टर्मिनल उरते. पायथनच्या 'पीटीवाय' मॉड्यूलने टर्मिनलची जोडी उघडावी, तिचे एक टोक आतल्या प्रोग्रामला आउटपुट म्हणून द्यावे, प्रोग्राम सुरू झाल्यावर आपल्याकडील ते टोक बंद करावे आणि दुसऱ्या टोकावरून वाचावे. प्रोग्रामला आपण खऱ्या टर्मिनलवरच आहोत असे वाटते आणि तो ओळीओळीने बोलू लागतो. मात्र त्या समजुतीमुळे तो इतरही गोष्टी करू लागतो : रंगांचे संकेत पाठवतो, प्रगतीची पट्टी काढतो, शिवाय टर्मिनलच्या नियमामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा नियंत्रणचिन्ह जोडले जाते. प्रोग्राम संपल्यावर लिनक्समध्ये वाचनाला साधा शेवट न मिळता इनपुट-आउटपुट त्रुटी मिळते. तिलाच शेवट मानावे. एवढी उस्तवार टाळायची असेल तर 'पीएक्सपेक्ट' हे पॅकेज हेच काम आवरून देते. आभासी टर्मिनल हा पहिला उपाय म्हणून सुचवणारे पुष्कळ आहेत. मी तो शेवटी ठेवतो.

आता वाचणाऱ्या बाजूकडे. बफरचा आकार १ देण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक उत्तरात आढळतो, पण मजकूर स्वरूपात त्याचा परिणाम आतल्या प्रोग्रामला आपण जे लिहून पाठवतो त्यावर होतो. वाचनाला त्याने वेग येत नाही. ठेवला तर अपाय नाही, इतकेच. खरी काळजी स्टँडर्ड एररची, म्हणजे त्रुटींचे संदेश नेणाऱ्या वेगळ्या प्रवाहाची, घ्यावी लागते. तो आणि नेहमीचे स्टँडर्ड आउटपुट या दोन्ही प्रवाहांसाठी वेगळे पाइप उघडून आधी एक संपेपर्यंत वाचला, तर दुसरा भरून प्रोग्राम अडकू शकतो. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते, त्यामुळे थोड्या नोंदींवर चाचणी निर्वेध पार पडते आणि हंगामात, काटोल-नरखेडकडून गाड्यांची रांग लागली की, तीच स्क्रिप्ट गोठते. तुम्हाला दोन्ही एकाच खिडकीत दाखवायचे आहेत, तेव्हा स्टँडर्ड एरर स्टँडर्ड आउटपुटमध्येच मिसळणे सोपे. मात्र सी ग्रंथालय त्रुटींच्या ओळी बफर न करता तत्काळ पाठवते. त्यामुळे वरचा उपाय केल्याशिवाय मिसळलेत, तर त्रुटी तिच्या आधी घडलेल्या नोंदींच्याही वर दिसेल आणि दोष भलत्याच शेतकऱ्याच्या पावतीत शोधला जाईल.

नावे देवनागरीत आहेत, म्हणून एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचे 'पीओपन'ला स्पष्ट सांगावे. यंत्राच्या सेटिंगवर सोडू नये, विशेषतः काम क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेतून, चालणार असेल तर. ओळीऐवजी ठराविक बाइटांचे तुकडे वाचणार असाल (आभासी टर्मिनलवर तसेच वाचावे लागते), तर अक्षर मधोमध तुटून एक बाइट या तुकड्यात आणि दोन पुढच्यात जाऊ शकतात. 'कोडेक्स' मॉड्यूलमधील टप्प्याटप्प्याने उलगडणारा डीकोडर वापरला की अपुरे बाइट तो पुढच्या तुकड्यापर्यंत धरून ठेवतो.

खिडकी टीकिंटरची (पायथनमध्ये खिडक्या काढणाऱ्या ग्रंथालयाची) असल्यास वाचनाचे आवर्तन मुख्य थ्रेडमध्ये, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यात, ठेवू नये, नाहीतर ओळी वेळेवर येऊनही खिडकी रंगणार नाही. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये करावे, ओळी रांगेत टाकाव्यात आणि मुख्य थ्रेडने टीकिंटरच्या 'आफ्टर' या फंक्शनच्या साहाय्याने थोड्या थोड्या वेळाने रांग रिकामी करावी.

प्रत्येक ओळ खिडकीबरोबर लॉगमध्येही लिहावी. 'फ्लश' केल्याने ओळ फक्त लिनक्सच्या ताब्यात जाते. मे महिन्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अशा वेळी नोंद डिस्कवर हमखास हवी असेल तर 'एफसिंक'ही करावे लागते. दर ओळीला केले तर गती मंदावते, म्हणून मी ते प्रत्येक व्यापाऱ्याचा हिशेब पुरा झाल्यावर करीन. तसेच, प्रोग्राम सक्तीने मारला गेला तर त्याच्या बफरमधील न निघालेल्या ओळी कायमच्या जातात; तेव्हा बफरिंग सुधारेपर्यंत लॉगमधील शेवटची ओळ म्हणजेच प्रोग्रामचे शेवटचे काम, असा निष्कर्ष काढू नये.

वाचनाचे आवर्तन संपल्यावर 'वेट' बोलवून परतीचा कोड पाहावा : शून्य म्हणजे यश, ऋण संख्या म्हणजे त्या क्रमांकाच्या सिग्नलने प्रोग्राम मारला गेला; उणे ९ हे सक्तीने मारल्याचे चिन्ह. प्रोग्राम संपूनही आवर्तन संपतच नसेल, तर त्याने मागे सोडलेली एखादी उपप्रक्रिया पाइपचे लिहिणारे टोक धरून बसलेली असते. ती 'एलएसओएफ' या, कोणत्या प्रक्रियेने काय उघडे ठेवले आहे ते दाखवणाऱ्या आज्ञेने सापडते. तुमचा प्रोग्राम छपाईसाठी अशी प्रक्रिया सुरू करत असल्यास तिचे आउटपुट सुरुवातीलाच वेगळ्या फाइलकडे वळवावे.