कोडं घेताय? उत्तराची घाई नको

ताई, वर्गात पोरांना बोलतं करायला कोडं घेताय, तर सुरुवात वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याच्या कोड्यापासूनच करा: तिघांनाही नदीपार न्यायचं, पण नावाडी नसला की वाघ शेळीला खातो नि शेळी गवत. नदी आपली गोदावरी, पलीकडे पंचवटी म्हणा. नाशिकची पोरं लगेच रंगात येतात. होडीत नावाड्यासोबत एकालाच जागा, एकूण ७ फेऱ्या (जाणं-येणं वेगळं मोजून). खरी गंमत चौथ्या फेरीत: पोचवलेली शेळी परत आणावी लागते! तिथेच थांबवून "का?" विचारा. "कारण", "नाहीतर", "म्हणून" आपोआप तोंडी येतात.

सुरुवातीला हमखास चुकतं ते:

- हुशार पोरगं उत्तर ओरडतं, तास संपला. नुसतं उत्तर चालणार नाही, शेजाऱ्याला पटवायचं, हा नियम ठेवा.
- बोलण्याआधीच वह्या उघडणं. आधी जोडीत बोलू द्या, मग चारच ओळी.

लाल पेन तूर्तास पर्समध्येच असू द्या. सुडोकूही नंतर, त्यात पोरं गप्प बसतात (स्टाफरूमला आवडतं ते, पण आपल्याला नको).