गूगल फुकट असताना जाहिराती नसलेल्या सर्च इंजिनला पैसे का मोजायचे?

दिवसभर शोधाशोध हेच काम असेल तर मोजा. बस-गाड्यांच्या वेळा आणि क्रिकेटचा स्कोअर बघायला गूगल पुरे.

सध्या यात ठळक नाव ‘कागी’चं. महिना 5 डॉलरला 300 शोध, 10 डॉलरला हवे तेवढे. आपल्या खिशाला हे जडच. पण खरी मजा जाहिराती नसण्यात नाही, निकालांवर आपला हात चालण्यात आहे. समजा ‘लॅपटॉपचा पंखा आवाज करतो’ असं शोधलं आणि वर तीच ती ‘टॉप 10 उपाय’ छाप साइट आली. निकालाशेजारच्या ढालीच्या चिन्हावर क्लिक करून ‘ब्लॉक’ निवडायचं, ती साइट ब्लॉक. पुन्हा तोंड दाखवत नाही! आवडती साइट तशीच वर चढवता येते.

सुरुवातीचे 100 शोध मोफत आहेत. त्यांत मराठीतले प्रश्नही मुद्दाम टाकून बघा.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी सहकाऱ्यासोबत काढलेलं ‘नीवा’ याच वाटेवरचं होतं, 2023 मध्ये त्यांनी ते गुंडाळलं.