घरी बर्न केलेली डीव्हीडी शेवटाकडेच का अडकते?

मुलीच्या बारशाची घरी बर्न केलेली डीव्हीडी कॉम्प्युटरवर नीट चालते, पण टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये शेवटची दहा मिनिटं अडकते, चित्राचे चौकोन होतात, तर प्लेअर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. नका बदलू. दोष डिस्कचा आहे. या एका वाक्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही कुडाळकडचे. बाबा दशावतारात राजपार्ट करायचे. २००९ च्या जत्रेत मी त्यांचं आख्यान कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही टेपवर घेतलं. रात्रभराच्या खेळातले अडीच तास निवडून एका डीव्हीडीत काठोकाठ बसवले. मुंबईच्या चाकरमान्यांसाठी वीस प्रती हव्या होत्या. आतेभाऊ म्हणाला, मी करून आणतो. त्याने एका दुकानातून सगळ्या १६एक्सने, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळापटीने, काढून आणल्या, वर बाबांच्या फोटोचे गोल स्टिकर चिकटवले. दिसायला देखण्या होत्या, मीही खूश होतो.

शिमग्यानंतर बाबा लालबागला काकांकडे गेले. चाळीतली माणसं जमली, डिस्क लावली. पेटी, मृदंग, झांज सगळं छान चाललं आणि युद्धाला तोंड लागताच चित्र थिजलं. बाबांची तलवार वर उचललेली, तशीच. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "माझां युद्ध खंय गेलां?" मला ते अजून टोचतं. आतेभावाचं उत्तर तयार होतं, "प्लेअरात कचरो आसा, पुसून घे." काकांनी लेन्स पुसली, शेजारचा प्लेअर आणला. तिथेही युद्धालाच अडकली.

कारण साधं आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग कडेला येतो. १६एक्सचा वेग बर्नर मुळात कडेलाच गाठतो, म्हणून चुका तिथेच जास्त होतात. त्यात कागदी स्टिकरने डिस्कचा तोल जातो, ती वाकतेही, आणि थरथर कडेलाच जास्त जाणवते. कॉम्प्युटर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून निभावून नेतो. प्लेअरला तेवढी उसंत नसते, चित्र पुढे न्यावंच लागतं. त्यामुळे "माझ्याकडे चालली होती" हा पुरावा मी मानत नाही.

मी त्याच टेपवरून पुन्हा काढली. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला दिलेला डेटा, थोडा उतरवला, काठोकाठ ४.३८ जीबीऐवजी ४.१ वर थांबलो, म्हणजे कड मोकळी राहिली. ४एक्सने बर्न केली, फायनलाइझ केली, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून लिखाण बंद केलं, स्टिकर लावला नाही, मार्करने नाव लिहिलं. लालबागच्या त्याच प्लेअरवर युद्ध शेवटपर्यंत दिसलं. आतेभाऊ म्हणतो, तोवर प्लेअर सुधारला असेल. जुनी डिस्क त्याच दिवशी, त्याच प्लेअरमध्ये, त्याच ठिकाणी अडकली होती, हे तो ऐकूनच घेत नाही.

तुमच्या डिस्कमधलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. स्टिकर असेल तर ओढून काढू नका, डिस्कला इजा होऊ शकते. मग चांगल्या डीव्हीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर, ४ किंवा ८एक्सने पुन्हा काढा. पुसून पुन्हा लिहिता येणारी री-रायटेबल नको, तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुने प्लेअर तिथे हमखास चाचपडतात.

एक राहिलं. बाजारातली छापील डिस्कही तशीच अडकत असेल, तर मात्र लेन्स बघा. आपल्याकडे पावसाळ्यात ओल कुठेही शिरते. आणि तुमची डिस्क सुरुवातीलाच "नो डिस्क" म्हणत असती, तर मी आधी फायनलाइझचं विचारलं असतं. पण शेवटची दहाच मिनिटं जात असतील, तर पुसापुशीत दिवस घालवू नका. नवी प्रत काढा आणि नातेवाइकांना देण्याआधी शेजाऱ्यांच्या प्लेअरवर तिचा शेवट लावून बघा.