अगाथा ख्रिस्ती कुठून सुरू करावी?

बरेच जण 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' सांगतात, पण त्याचा शेवट सिनेमामुळं आधीच कानावर आलेला असतो. माझं ऐका, 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) घ्या. बेटावर अडकलेली दहा माणसं, एकेक करून मरणारी. प्रत्येक खुनानंतर जेवणाच्या टेबलावरच्या दहा बाहुल्यांतली एक कमी झालेली असते, तिथं अंगावर काटा येतो. खानापूर-बेळगाव बसमध्ये वाचताना माझा उतरायचा स्टॉपच मागं पडला होता!

मग तिच्या प्वारो या गुप्तहेरासाठी 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉईड' (१९२६). त्याबद्दल कुणाकडून एक अक्षरही ऐकू नका. संपलं की लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. 'पोस्टर्न ऑफ फेट' (१९७३) मात्र फार सैल आहे, ते राहू द्या.