शेताचं नाव आत्याबाईंना विचार

"मावशी, पुरंदर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे. दीड एकर अंजीर, एक एकर सीताफळ, उरलेल्यात ज्वारी आणि घेवडा. सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, आषाढात गेले. यंदा अंजीर आडत्याकडे न घालता आपल्याच बॉक्समध्ये भरून पुण्याला विकायचे, थोडा जॅम करून बघायचा, असं ठरलंय. त्यासाठी शेताला नाव हवं. मिस्टर म्हणतात, मामांचं नाव द्यायचं. पिंपरीचे भाऊजी म्हणतात, 'ग्रीन' असलेलं काहीतरी इंग्रजी द्या, गिऱ्हाईक तेच बघतं. वन्सं म्हणाल्या, 'माझ्या बापाचं नाव देताय, मला विचारलंत का?' तेव्हापासून त्यांचा फोन नाही. मी चौदा वर्षं या झाडांत राबतेय. माझ्या दोन मुलींच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन मी एक नाव सुचवलं, तर भाऊजी म्हणाले, 'पोरी उद्या सासरी जाणार, शेत इथंच राहणार.' मिस्टर गप्प बसले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तर कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत. बोर्डवाल्याला पाचशे रुपये दिलेत, दसऱ्याला बोर्ड लावायचाय. काय नाव द्यावं? – एक सूनबाई"

सूनबाई, तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी 'मिस्टर गप्प बसले' इथे अडकले. तुला खरं लागलंय ते इथे. भाऊजी बोलले ते बोलले, पण ज्याच्यासोबत चौदा वर्षं पहाटे उठून फळं तोडलीस तो माणूस काही बोलला नाही. हे सगळ्यांसमोर काढू नकोस. दोघंच बांधावर असाल तेव्हा सांग त्यांना, की भाऊजींचा राग नाही आला, तुम्ही बोलला नाहीत त्याचं वाईट वाटलं. एवढंच सांग आणि त्यांना वेळ दे. बाप जाऊन दोन महिने झालेल्या माणसाला कधी कधी आपण गप्प बसलो हेसुद्धा कळत नाही.

आता जरा कडू बोलते, मुलीसारखी आहेस म्हणून. भाऊजींचं जे वाक्य तुझ्या पोरींबद्दल ऐकून तुझा जीव कळवळला, तेच वाक्य तुम्ही सगळ्यांनी मिळून, तोंडातून एक अक्षर न काढता, वन्संना ऐकवलंय. मामांचं नाव द्यायचं ठरत होतं तेव्हा मामांच्या मुलीला कुणी विचारलं नाही. तीही एकदा याच घरातून सासरी गेलेली पोर आहे. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्यामागे बायको आणि सगळी मुलं, मुलगे नि मुली, सारख्याच वारस. जो कायदा उद्या तुझ्या पोरींच्या पाठीशी उभा राहणार आहे, तोच आज वन्संच्या पाठीशी आहे. एक हवा आणि एक नको, असं नाही करता येणार. तो फोन तू कर. मिस्टरांनी नाही, भाऊजींनी नाही, तू.

आणि मला विचारशील तर बोर्डाच्या आधी वारसनोंदीचं बघा. जमीन महसूल संहितेप्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा असतो. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठीच राहील. मामा आषाढात गेले, म्हणजे फार दिवस उरले नाहीत. आत्याबाई, दोन्ही भाऊ आणि वन्सं, चौघांची नावं सातबाऱ्यावर येऊ देत. वन्संना नंतर हक्क सोडायचा असेल तर तो त्यांचा विचार, त्यांनी स्वतःच्या मनाने करायचा. राखीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलेली घरं मी पाहिलीत. तसं तुमच्याकडे होऊ देऊ नकोस.

माझ्या माहेरची गोष्ट सांगते. आमच्या एका तुकड्याला 'काकीचा डाग' म्हणत. माझी थोरली काकी विसाव्या वर्षी विधवा झाली. घरच्या मंडळींनी तिला चोळीबांगडीसाठी म्हणून विहिरीखालचा तो तुकडा दिला. दिला म्हणजे तोंडी. तिने तिथे तीस वर्षं वांगी आणि घेवडा काढला. सगळा गाव 'काकीच्या डागात पाणी चाललंय', 'काकीच्या डागावरून ये' असं म्हणायचा. पुढे घरात एका लग्नाला पैसे कमी पडले आणि डाग विकला गेला. काकीला कळलं ते नवा मालक मोजणीला आला तेव्हा. कागदावर तिचं नाव कधी लागलंच नव्हतं. त्या दिवशी ती डोक्यावरची वांग्याची पाटी खाली न ठेवता बांधावर उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं. तो तुकडा आज तिसऱ्याच माणसाकडे आहे आणि लोक अजून त्याला काकीचा डागच म्हणतात.

म्हणून शेताच्या नावात तुझी किंवा तुझ्या पोरींची अक्षरं यावीत की नाही, यावर मी भांडणार नाही. उताऱ्यावरच्या नावासाठी मात्र भांडेन. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. पुढे 1992 साली सरकारनेही निर्णय काढला, की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. तुमची जमीन सध्या सामाईक आहे, तेव्हा हे वाटप झाल्यावरचं काम. पण मिस्टरांच्या कानावर आजच घाल. गप्प बसलेल्या माणसाला बोलायला एक चांगली जागा मिळेल.

आता नाव. तुमच्या शेताला नाव नाही, असं तू धरून चालली आहेस. मला ते पटत नाही. सातबारा काढ, त्यावर गट क्रमांकाच्या आसपास 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. पुष्कळांचा रिकामा असतो, कुणी सांगितलं नाही म्हणून कुणी लिहिलं नाही. पण तो रकाना आहे, कारण आपल्याकडे शेतं नावानेच ओळखली जायची. इंग्रजांनी 1836 च्या सुमाराला तुमच्या पुणे जिल्ह्यातच, इंदापुरात, मोजणी सुरू केली आणि शेतांना सर्व्हे नंबर पडले. पुढे 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्याने ते नंबर मोडून गट झाले. दोनदा नंबर बदलले, पण बाई भाकरी घेऊन निघाली की विचारायची, 'चिंचेच्या वावरात आहात का बारवेच्या मळ्यात?' चोपण, पाणथळ, खडकी, देवाची पट्टी, म्हसोबाचं रान. अशा एका शब्दात माती कळायची, पाणी कळायचं, कधी एखादं भांडणसुद्धा. आणि नावाची आयुष्यं फार लांब असतात. पुण्यातल्या तुळशीबागेत आज लोक कानातली घ्यायला जातात. मगर घराण्याच्या शेतांवर शहर उभं राहिलं, तरी ते मगरपट्टाच राहिलं.

तेव्हा आत्याबाईंना विचार. सगळे बसलेले असताना नको, घेवडा निवडताना विचार. 'या घरात नवीन आलात तेव्हा मामांना भाकरी घेऊन कुठल्या वावरात जायचात?' अंजिराच्या जागी आधी काय होतं, विहीर कुणी खणली, पहिलं झाड कुठून आणलं, बांधावर कोणतं झाड होतं. पत्रभर त्या गप्प आहेत, पण मला वाटतं त्यांना अजून कुणी काही विचारलेलंच नाही. त्या जे नाव सांगतील ते मामांच्याही तोंडातलं असेल, मिस्टरांच्याही लहानपणातलं असेल, आणि वन्सं त्याच वावरात खेळल्या असतील. त्यावर कुणाला 'मला विचारलंत का' म्हणावं लागणार नाही.

मामांचं नाव वाईट नाही, पण एका माणसाचं नाव बोर्डावर गेलं की बाकीच्यांचे हात त्यामागे झाकले जातात, आणि आत्ता तुमच्या घरात तेच दुखतंय. मामांची आठवण बॉक्सच्या मागे दोन ओळींत लिहा, 'ही बाग अमुक साली यांनी लावली' म्हणून. भाऊजींचं इंग्रजी नाव मात्र मला अजिबात नको वाटतं. 'ग्रीन' नावाचे फार्म हायवेच्या दर मैलावर आहेत. अंजीर घेणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा तुम्हालाच फोन करायचा असेल तर तिला आठवणार काय? तरी भाऊजींचं एक म्हणणं खरं आहे, गिऱ्हाईकाचा विचार करायला हवा. नाव फोनवर एकदा सांगितलं की कळलं पाहिजे, टेम्पोवाल्याला वाचता आलं पाहिजे, बॉक्सच्या अरुंद बाजूवर मावलं पाहिजे. हे तपासायचं काम त्यांच्याकडेच दे. त्यांनाही या शेतात जागा हवी आहे, पिंपरीत राहून ती कशी मागायची ते त्यांना कळत नसेल.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. 'पुरंदर अंजीर' हे 2016 पासून भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. तुमचे अंजीर पुरंदरचेच आहेत, तरी ते मानांकन बॉक्सवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंद करून घ्यावी लागते. ती करा, फायद्याची आहे. आणि तुमचं स्वतःचं नाव पुढे कुणी उचलू नये असं वाटलं तर ट्रेडमार्क घेता येतो. तो दहा वर्षांचा असतो, पुढे वाढवता येतो. ताजी फळं 31 व्या वर्गात येतात आणि जॅम 29 व्या, म्हणजे दोन्हींसाठी वेगळी फी. नुसतं गावाचं किंवा फळाचं नाव सहसा मिळत नाही, त्यातही वावराचं जुनं नाव उपयोगी पडेल. पण हा खर्च पहिल्या वर्षी करू नका. एक हंगाम विकून बघा.

तुझ्या पोरींच्या अक्षरांचं मी विसरलेले नाही. जॅमच्या बरणीला ते नाव दे. जॅम तू करणार आहेस, तिथे तुला कुणाला विचारायची गरज नाही.

बोर्डवाल्याकडचे पाचशे परत मागू नकोस. त्याला म्हणावं, पत्रा कापून ठेव, रंग दे, अक्षरं आठवड्याने सांगतो. तोवर वन्संना फोन कर आणि दसऱ्याला माहेरी बोलव. बोर्ड लावताना एक बाजू आत्याबाईंनी धरू दे आणि दुसरी वन्संनी. आणि आत्याबाईंनी काय नाव सांगितलं, ते मला नक्की लिहून पाठव.