ब्राउझरने तपासलं, मग सर्व्हरने पुन्हा कशाला?

प्रश्न : ऑर्डरच्या फॉर्ममध्ये नगसंख्या १ ते १० च्या बाहेर गेली की माझी जावास्क्रिप्ट अडवते. आता सर्व्हरकडचं शिकतोय, तर तिथेही तीच तपासणी लिहायला सांगतात. एकच काम दोनदा का? आणि सर्व्हरसाठी पीएचपी ही भाषा घेऊ, की ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड?

उत्तर : एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि एक ऑर्डर पाठवा. त्या रिक्वेस्टवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज कर्ल’ घ्या (कर्ल म्हणजे टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणारा प्रोग्राम), टर्मिनलमध्ये पेस्ट करा, नगसंख्येच्या जागी -५ लिहा आणि एंटर मारा. तुमची जावास्क्रिप्ट मध्ये कुठे आलीच नाही! सर्व्हरने मुकाट्याने गुणाकार केला, तर बिल उणे निघेल. किंमतही लपवलेल्या फील्डमधून पाठवत असाल तर मग बघायलाच नको. फॉर्ममधून फक्त वस्तूचा आयडी येऊ द्या, किंमत सर्व्हरने डेटाबेसमधून काढावी.

ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो, सर्व्हर तुमच्या. जावास्क्रिप्टची तपासणी काढू नका. चूक जागच्या जागी कळते, ही सोय मोठी आहे. पण ती सोयच, राखण नव्हे.

‘जावास्क्रिप्ट येतेच, मग नोडच घे,’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. २००९ मध्ये रायन डालने क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन घेऊन नोड उभं केलं, तेव्हापासून एकच भाषा दोन्हीकडे चालते. नवख्याची पंचाईत नेमकी तिथेच होते. सर्व्हरवर पान नसतंच, तरी तिथल्या फाइलमध्ये पानातला घटक शोधणारं डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी लिहून ‘डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड’ का येतं म्हणून डोकं खाजवणारे, किंवा टर्मिनलमध्ये उमटलेला कन्सोल.लॉग ब्राउझरमध्ये शोधत बसणारे माझ्याकडे नेहमी येतात. म्हणून माझं मत, आधी थोडे दिवस पीएचपी. व्ह्यू सोर्स केलं की तुमची एकही पीएचपी ओळ दिसत नाही, नुसतं तयार एचटीएमएल. कोणता कोड कुठे चालतो ते डोळ्यांना दिसतं. नोड नंतर आरामात शिका.

तुमची तपासणी पीएचपीत फिल्टर_व्हार हे फंक्शन एका ओळीत करतं. आकडा चुकला तर ४०० स्टेटस (‘रिक्वेस्ट चुकीची आहे’ सांगणारा कोड) द्या आणि बाकीची माहिती तशीच भरून फॉर्म परत दाखवा. अख्खा पत्ता पुन्हा टाइप करायला कुणाला आवडतं? मात्र ती माहिती छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स लावा (हे फंक्शन टॅगची चिन्हं साध्या मजकुरासारखी दाखवतं), नाहीतर पत्त्यात कुणी घुसवलेला स्क्रिप्ट टॅग तुमच्याच पानावर चालेल.