दुधाळ झालेली नळी

प्रश्न : ताई, दीड वर्षापूर्वी मी कॉम्प्युटरला वॉटर कूलिंगचा लूप (पंपाने पाणी फिरवून भाग थंड ठेवणारी नळ्यांची जोडणी) स्वतः बसवला. नळी पारदर्शक पीव्हीसीची, १०/१३ मापाची (आतून १० मिमी, बाहेरून १३). आता ती दुधासारखी पांढरट झाली आहे आणि प्रोसेसर पूर्वीपेक्षा आठ-दहा अंश जास्त तापतो. शिवाय ग्राफिक्स कार्डाकडे वळताना नळी चपटी होते. नवी कोणती घेऊ? आतून १३ मिमी रुंद घेतली तर पाणी जास्त वाहून तापमान उतरेल का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलते, कारण पैसे तिथेच वाया जातात. रुंद नळीने तापमान उतरणार नाही. पाणी अडतं ते नळीत नाही, ब्लॉकमधल्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या ज्या ठोकळ्यातून पाणी फिरतं त्यातल्या, तांब्याच्या बारीक पात्यांत. दोन पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिथून निघालेल्या पाण्याला पुढे १० मिमीची वाट मिळाली काय किंवा १३ ची, फरक नगण्य.

तुमचं दुखणंही बहुधा त्या फटींतच आहे. पीव्हीसी मुळात कडक. नळी लवचिक व्हावी म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात. कोमट कूलंट (लूपमध्ये फिरणारं पाणी) महिनोन् महिने फिरत राहिलं की तो हळूहळू सुटतो आणि पात्यांवर जाऊन बसतो. माझ्या पहिल्या लूपचा ब्लॉक मी दोन वर्षांनी उघडला, तेव्हा पात्यांवर सायीसारखा पांढरा थर होता. नखाने ओढला तर चिकट गोळा होऊन निघाला. त्याच्याखाली अर्ध्याहून अधिक फटी बुजलेल्या. तोवर मी पंपालाच दोष देत होते.

मात्र प्रत्येक पांढरट नळी प्लॅस्टिसायझरमुळेच तशी होते असं नाही. पीव्हीसी थोडं पाणीही शोषतं आणि त्यानेही धूसर दिसतं. जुन्या नळीचा चार बोटं लांबीचा तुकडा कापून काही दिवस हवेशीर जागी वाळवा. पुन्हा स्वच्छ दिसला तर ते नुसतं पाणी. पांढरेपणा तसाच राहिला आणि आतून बोटाला चिकट लागलं, तर ब्लॉक उघडायलाच हवा. तापमान चढलंय म्हणून मी तुमच्या जागी असते तर तसाही उघडला असता. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे; ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही. मग डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवा. झाकण लावताना रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे ना, हे दोनदा बघा. रेडिएटरही धुवून घ्या, नाहीतर तिथला गाळ नव्या नळीतून परत ब्लॉकमध्येच येईल.

आता नळी. माझं मत स्पष्ट आहे : काळी ईपीडीएम रबरी नळी घ्या. गाड्यांच्या रेडिएटरला याच जातीचं रबर वापरतात. गरम पाणी आणि कूलंटमध्ये मिसळलं जाणारं ग्लायकॉल ते वर्षानुवर्षं सोसतं. ती पांढरट होत नाही, पात्यांवर साय धरत नाही. आतलं पाणी दिसत नाही, ही तिची उणीव. म्हणून रिझर्व्हायर (लूपमधली पाण्याची छोटी टाकी) पारदर्शक ठेवा आणि अधूनमधून पातळी व रंग बघत जा. रंगीत पाणी दिसायलाच हवं असेल, तर प्लॅस्टिसायझर न सुटणारी म्हणून विकली जाणारी पारदर्शक नळी घ्या, पण वर्षाकाठी एकदा ब्लॉक उघडून पाहायची तयारी ठेवा. सिलिकॉनची नळी हाताला छान लागते, पण फार मऊ असल्याने पटकन मुडपते आणि तिच्या भिंतीतून वाफ बाहेर जाऊन पाणी लवकर कमी होतं. मी ती वापरत नाही.

चपटं होण्याचं कारण भिंतीची जाडी. १३ मधून १० वजा करा आणि निम्मे करा : भिंत जेमतेम दीड मिमी. १०/१६ मध्ये तीच भिंत ३ मिमी होते आणि नळी बऱ्याच लहान वळणातही गोल राहते. सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) हिशेबाने सांगायचं तर आतून तीन सूत, बाहेरून पाच. अडचण एकच : कॉम्प्रेशन फिटिंगची (नळी ब्लॉकला जोडणाऱ्या तुकड्याची) रिंग नळीला बाहेरून आवळते, त्यामुळे दोन्ही व्यास जुळावे लागतात. तुमच्या १०/१३ च्या रिंगमध्ये १६ ची नळी शिरणारच नाही. सगळी फिटिंग्ज बदलावी लागतील. ब्लॉकवरचे आटे बहुतेक ठिकाणी जी १/४ या एकाच ठरावीक मापाचे असतात, तेव्हा नवी फिटिंग्ज बसायला हरकत नाही. तो खर्च नको असेल, तर १०/१३ च ठेवा आणि कार्डापाशी ९० अंशांचं फिरतं फिटिंग लावा, म्हणजे नळीला वळावंच लागणार नाही.

कात्रीने कापू नका, टोक लंबगोल होतं. नळी कापायच्या पक्कडीने काटकोनात कापा. टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवलं की फिटिंगवर सहज चढतं. ते पार तळाशी टेकेपर्यंत ढकला, मगच रिंग आवळा. तुकडा थोडा लांबच कापा, कारण कापलेला परत वाढत नाही.

मग मदरबोर्ड आणि कार्ड यांची वीज काढून फक्त पंप काही तास चालवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि सगळे कोरडे निघाले तरच मशीन सुरू करा.